कमरेचे शस्त्र आणि पेढीची पत

अहिंसेस परमधर्म मानणाऱ्या समाजाच्या स्मरणिकेत पिस्तुलाचा विषय पाहून कित्येकांस नवल वाटेल. परंतु १६ जानेवारी २०२५ रोजी बीदर शहरात भरदिवसा, बँकेच्या दारात, रोकड नेणाऱ्या मोटारीपाशी गोळीबार होऊन एका कर्मचाऱ्याचा प्राण गेला आणि लुटारू ऐंशी लाखांवर रक्कम घेऊन दुचाकीवरून पसार झाले. तेव्हापासून बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या आपल्या पट्ट्यातील भुसार पेढ्यांवर हा विषय वारंवार निघतो. तुरीच्या हंगामात, गल्ल्यात रोकड असते त्या दिवसांत, तो अधिकच निघतो. कोहिनूरसारख्या लहान गावी संध्याकाळी पेढी बंद करून घरी निघणाऱ्यास त्याची धास्ती वाटावी यात अस्वाभाविक काही नाही.

ज्या तरुण सभासदांनी परवान्यासाठी अर्ज करण्याचे मनात आणले आहे, त्यांच्यात दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, शस्त्र घ्यावयाचे तर ते कमरेला चारचौघांस दिसेल असे लावावे, म्हणजे चोर दुरूनच वाट बदलेल. लपवून ठेवलेल्या शस्त्राची जरब कोणास बसणार? दुसऱ्याचे म्हणणे असे की, ते सदऱ्याखाली असावे. दिसले की लुटारू पहिला घाव त्याच माणसावर घालील. दोन्ही पक्षांत विचारी माणसे आहेत.

कायद्याने हा वाद आपल्यापुरता मिटविला आहे, हे मात्र दोहोंपैकी थोड्यांनाच ठाऊक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१६ साली जे नवे नियम झाले, त्यांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे ते त्यासाठी केलेल्या खोळीत, पूर्णपणे झाकून आणि आपल्या ताब्यात राहील अशा रीतीनेच नेले पाहिजे. चौकात शस्त्र उपसून दाखविण्यास सक्त मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, आणि लग्नमिरवणुकीत हर्षाने बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आपणांस मिळू शकते ते बहुधा ०.३२ बोअरचे, ०.३८ आणि ९ मिलिमीटरची शस्त्रे सामान्य नागरिकास निषिद्ध वर्गात मोडतात. असो. हा तपशील ज्याला हवा त्याने जिल्हाधिकारी कचेरीतून घ्यावा.

कायदा झाकण्यास सांगतो म्हणून झाकावे, एवढेच कारण मला पुरेसे वाटत नाही. व्यापाऱ्याच्या अंगावरचे उघडे शस्त्र कायद्याने मान्य केले असते तरीही मी त्याच्या विरुद्धच बोललो असतो, आणि त्याचे कारण चोराशी नव्हे, शेतकऱ्याशी निगडित आहे. शेतकरी तुरीची पोती घेऊन दारात येतो तेव्हा त्याचा माल आपल्या काट्यावर असतो, पट्टी आपल्या हातात असते, आणि पेरणीच्या वेळी घेतलेली उचलही आपल्याच वहीत असते. अशा माणसापुढे भाव सांगणाऱ्याच्या कमरेला पिस्तूल दिसले, तर तो भाव नाकारून माल परत नेण्याची त्याची मुभा कागदावर राहील, मनात राहणार नाही. आपण त्यास एक शब्दही वाकडा बोललो नसलो तरी तो घरी जाऊन सांगेल की, शेठजींनी पिस्तूल समोर ठेवून सौदा केला. ते खोटे आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? ओल, घट, माती यांवरून आपल्या व्यवसायात रोज बोलाचाली होते. दोन्ही बाजूंचे हात रिकामे आहेत म्हणूनच ती बोलाचालीवर थांबते.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. आपल्याच मुलखाचा इतिहास पाहावा. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकात सावकारांच्या वाड्यांवर अरब आणि रोहिले पहारेकरी असत. त्यांना ठेवले तिजोरी राखण्यास. पुढे तेच वसुलीस जाऊ लागले, ऋणकोस कोंडून ठेवू लागले, आणि काही अरब जमादार तर स्वतःच सावकारी करू लागले. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगास त्यांना आवरण्यात बरीच वर्षे घालवावी लागली. शस्त्र राखणीसाठी आले आणि वसुलीस लागले, ही वाट किती थोड्या अंतराची आहे ते यावरून दिसते. सावकार या शब्दाला आपल्या भागात जो कडवट वास चिकटला, त्यातला काही भाग त्या दारातल्या जंबियांचा आणि बंदुकांचा आहे.

पुढे १९४७-४८ मध्ये रझाकारांनी उघडी शस्त्रे घेऊन गावोगाव जो धुमाकूळ घातला त्याच्या कथा आपल्या वडिलांच्या पिढीने आपणांस सांगितल्या आहेत. बसवकल्याण तालुक्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये झालेल्या कत्तलीचे स्मारक २०२३ साली उभे राहिले. त्या दिवसांचा दाखला देऊन काही मंडळी म्हणतात की, तेव्हा घरोघरी बंदूक असती तर असे घडते ना. त्या म्हणण्यातील वेदना मी जाणतो. पण सप्टेंबर १९४८ मध्ये तो अंमल संपविला तो भारत सरकारच्या सैन्याने, आणि आज आपण मोडलेल्या राज्यात नव्हे, पोलीस ठाणे व न्यायालय असलेल्या राज्यात व्यापार करीत आहोत.

बीड जिल्ह्याचे उदाहरण अगदी ताजे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे एका सरपंचाची निर्घृण हत्या झाल्यावर, पिस्तुले नाचवीत काढलेली छायाचित्रे व चित्रफिती बाहेर आल्या. जिल्ह्यात बाराशेंच्या वर परवाने असल्याचे उघड झाले, आणि २०२५ च्या आरंभी प्रशासनाने त्यांतील शंभराहून अधिक रद्द केले. मोठेपणाचे चिन्ह म्हणून शस्त्र दाखविण्याची चटक लागली की परवाना संरक्षणासाठी होता हे धारकच प्रथम विसरतो.

येथे कोणी म्हणेल, बीदरच्या नानक झिरा साहिबला येणारे शीख यात्रेकरू कृपाण उघडपणे धारण करतात, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. त्यांना तो अधिकार राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने दिला आहे, आणि बीदरच्या बाजारात त्या कृपाणाचे भय कोणास वाटल्याचे मी ऐकले नाही. कारण ते का धारण केले आहे हे सर्वांस ठाऊक असते आणि त्याचा सौद्याशी काही संबंध नसतो. बँकेच्या दारातील गणवेशधारी पहारेकऱ्याची दुनळी बंदूकही अशीच. ती कोणाच्या हुकुमाने तेथे आहे ते गणवेश सांगतो. बीदरच्या त्या घटनेत रोकडीबरोबर सशस्त्र पहारेकरी नव्हता असे वृत्तपत्रांत आले होते, आणि ती उणीव खरोखरच गंभीर होय. परंतु पहारेकऱ्याची उणीव शेठजींनी स्वतःच्या कमरेने भरून काढावी, हे मला पटत नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात परवानाधारकास पिस्तूल उघडे बाळगण्याची मुभा २०१६ पासून आहे, आणि २०२१ पासून बहुतेक प्रौढांस परवान्याचीही गरज राहिली नाही. मात्र तेथील कायद्यानेच दुकानदारास अशी सोय ठेवली आहे की, दारावर इंग्रजी व स्पॅनिश भाषेत ठरावीक मजकुराची, एक इंच उंच अक्षरांची पाटी लावून उघड्या शस्त्राला आत येण्यास मज्जाव करावा. बंदुकीच्या त्या देशातही दुकानाचा उंबरठा निराळा मानला गेला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता झाकलेल्या शस्त्राविषयी. ते लपविणे ही लबाडी आहे, असा एक आक्षेप पेढीवर ऐकला. तिजोरीची किल्लीही आपण लपवूनच ठेवतो; तिला कोणी लबाडी म्हणत नाही. झाकलेल्या शस्त्राचा खरा दोष निराळा आहे. ते इतरांस दिसत नसले तरी धारकास क्षणभरही विसरू देत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यातच, जमिनीच्या वादावरून, एका आमदाराने परवान्याच्या शस्त्रातून प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा खटला उभा राहिला. त्यानंतर सहाच दिवसांनी मुंबईत दहिसर येथे एका माजी नगरसेवकाचा खून झाला. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते. आपल्या श्रावकाचारात शस्त्र, अग्नी, विष यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे यास हिंसादान म्हटले असून त्याची गणना अनर्थदंडांत केली आहे. ज्याच्या घरी नोकरचाकर, भाचे-पुतणे मुक्तपणे वावरतात, त्याने हा शब्द विशेष ध्यानात ठेवावा.

विरोधी हिंसा, म्हणजे आक्रमकास अडविताना घडणारी हिंसा, गृहस्थास सर्वस्वी टाळता येत नाही हे आपल्या आचार्यांनीही जाणले होते. तेव्हा ज्याला खरा धोका आहे, ज्याला धमक्या आल्या आहेत, त्याने रीतसर परवाना घेतला तर मी त्यास दोष देणार नाही. त्याने शिक्षण पुरे करावे, शस्त्र झाकून न्यावे, आणि ते आहे ही गोष्ट पेढीवर, लग्नात वा बैठकीत बोलू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वीसारखाच आहे. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी मात्र त्यात सहजी बसत नाही.

इतरांचा धोका शस्त्राने नव्हे, रोकड कमी केल्याने कमी होईल. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहेच. शेतकऱ्यास त्याच्या मालाचे पैसे रोखीने देण्याची सवलत आहे, म्हणून गल्ला अजून भरतो. पण तोही शेतकरी आता खात्यावर पैसे घेण्यास फारसा नाखूष नाही. बँकेत भरणा करण्याची वेळ रोज बदलावी, एकट्याने जाऊ नये, आणि हंगामाच्या दोन महिन्यांत चार पेढ्यांनी मिळून गणवेशातील एक पहारेकरी ठेवावा. खर्च वाटून घेतला तर एका पिस्तुलाच्या किमतीपुढे तो जड जाणार नाही.

एक गोष्ट सीमेवरच्या सभासदांसाठी. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता ग्राह्य आहे हे त्यावर लिहिलेले असते. कर्नाटकापुरता परवाना खिशात ठेवून आणि शस्त्र सदऱ्याखाली घालून जो उमरग्यास किंवा उदगीरला माल पाहावयास जातो, तो सीमा ओलांडताच परवाना नसलेल्या माणसांत जमा होतो. निघण्यापूर्वी ती ओळ वाचून पाहावी. माझ्या पाहण्यातील बहुतेक परवानाधारकांनी ती वाचलेली नाही.