सप्तपदी आणि खर्चाची यादी

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याला तीस दिवसांची नोटीस, विवाह-अधिकारी आणि तीन साक्षीदार पुरतात. खर्च वाढतो तो याबाहेर. आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडे तर सीमांतपूजन, मानपान सांभाळून वर ‘संगीत’ आणि घोड्यावरची वरातही हवी. दोन्ही प्रांतांच्या रीती, खिसा मात्र एकच! आजची कमावती वधूवरे ‘आमच्याच पैशांनी करू’ म्हणतात, हे कौतुकाचेच. परंतु कर्ज काढून घातलेल्या मेजवानीचे हप्ते नव्या बिऱ्हाडाच्या भाड्याबरोबरच सुरू होतात. याद्या करण्यापूर्वी दोघांनी हा हिशेब कागदावर मांडावा. आणि वधूपित्याने भविष्यनिर्वाह निधीला हात घालण्याआधी तो कागद मागून घ्यावा.