घोळक्यात चालवायला कोण शिकवणार?

दसरा झाला की सिंधुदुर्गातले रस्ते कोरडे होतात आणि आपला सायकलिंगचा हंगाम सुरू होतो. अलीकडे या दिवसांत क्लबाकडे चौकशीला येणारी माणसे शाळकरी वयाची नसतात. पस्तिशी-चाळिशी गाठलेले शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी, गॅरेजवाले येतात. वर्षा-दोन वर्षांची पहाटेची रपेट पायांत मुरलेली असते, बऱ्यापैकी रोड बाइकही घेऊन झालेली असते. आता त्यांना शर्यतीत उतरायचे असते. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ श्रेणीची, प्रोलॉग आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटरची ती शर्यत. आपल्या सह्याद्रीच्या घाटांतून परदेशी संघांचे रायडर सुसाट जाताना पाहिल्यावर ही ओढ वाढणारच, आणि ती वाढावी. पण या लोकांना आपण प्रशिक्षक, क्लबचालक आणि आयोजक जे उत्तर देतो ते अपुरे आहे, कधी कधी धोक्याचेही.

नेहमीचे उत्तर असे असते : आधी दोनशेची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची रपेट, करा, मग तीनशेची, मग बघू. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, वीस तासांत ३००, चाळीस तासांत ६०० हा हिशेब आता कोकणातही अनेकांना पाठ आहे. बीआरएमने महाराष्ट्राला फार दिले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची वाट एकट्याने, बारा दिवसांच्या आत पार केली. पेशाने डॉक्टर असलेल्या या माणसांनी प्रौढपणी जे करून दाखवले, त्यामुळेच आज चाळिशीतला माणूस आपल्या दारात उभा आहे. मात्र बीआरएमची वाट माणसाला दम, चिकाटी आणि झोपेवरचा ताबा देते. रोड रेसमध्ये त्याला पहिल्याच मिनिटाला हवी असते ती गोष्ट तिथे शिकायला मिळत नाही : चाळीस अनोळखी माणसांच्या मधोमध, चाकाला चाक लावून, सरळ रेषेत सायकल चालवणे.

ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला रायडरची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे नीट आडोसा धरला तर जवळजवळ तिसरा हिस्सा श्रम वाचू शकतात. सगळी शर्यत या एका गोष्टीवर चालते. डावपेच, पळून जाणे, पाठलाग, शेवटचा स्प्रिंट हे सगळे त्यातूनच येते. पण हाच वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर, आणि पुढच्या चाकापासूनचे अंतर असते हातभर. पुढचा खड्डा पाहून किंचित बाजूला सरला आणि आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आलेले असेल, तर बहुतेक वेळा पडतो तो मागचा, आणि त्याच्या अंगावर आणखी पाच जण. चौदा वर्षांचा मुलगा पडला तर धूळ झटकून उठतो. चाळिशीतल्याचे हासळीचे हाड मोडते, नोकरीवर दीड महिना जाता येत नाही, आणि घरातली माणसे सायकल विकायला सांगतात. असा एक रायडर गेला की त्याच्या पाठोपाठ येऊ पाहणारे चार जण थबकतात.

म्हणून पहिले दोन महिने वेगाचे नावही काढू नका. चौघांची रांग, ताशी २५ चा वेग, मोकळा रस्ता. प्रत्येकाने अर्धा मिनिट पुढे राहायचे, मग खांद्यावरून मागे पाहून बाजूला व्हायचे आणि रांगेच्या शेवटी जायचे. पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही. वेग वाढवण्याची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण पुढे आलो की ताकद दाखवावीशी वाटते. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवायची नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे ठेवायची. खड्डा, गुरे, एसटी, सगळे हाताने आणि तोंडाने मागे कळवायचे. बाटली काढून पाणी पिऊन परत ठेवताना रेषा हलता कामा नये. शाळेच्या मैदानात गवतावर हळू चालवत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पाहावा. तिथे पडले तर फारसे लागत नाही आणि धक्क्याची भीती जाते. ट्रायथलॉनसाठी लावलेले एअरोबार घोळक्यात आणायचे नाहीत, यावर तडजोड नको.

तोवर शर्यतीची हौस कशी भागवायची? आपल्याला ते सोपे आहे, कारण आपल्या दारात घाट आहेत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. चढाची ही ओढ मराठी सायकलस्वाराला जुनी आहे. फोंडाघाटच्या बाजारपेठेतून दाजीपूरच्या बाजूला चढताना नवा रायडर ताशी दहा-बारा किलोमीटरने जातो. या वेगाला आडोशाचा फायदा नगण्य असतो, घोळका आपोआप सुटतो, आणि पडलाच तर गुडघा खरचटतो. एकेका मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडायचे, माथ्यावर घड्याळ लावायचे. माझे मत स्पष्ट आहे : प्रौढ नवोदिताच्या पहिल्या काही शर्यती अशाच, चढाच्या आणि घड्याळाविरुद्धच्या असाव्यात. उतार मात्र शर्यतीचा भाग नसावा. सगळ्यांनी क्लबाच्या गाडीमागून एकत्र खाली यावे, आणि तेव्हाच उतारावर ब्रेक कसे वापरायचे, वळणाआधी वेग कसा आवरायचा ते शिकवावे.

रस्त्याची निवड म्हणजे अर्धी सुरक्षितता. चौपदरी झाल्यापासून महामार्ग ६६ गुळगुळीत आहे आणि मोह पाडतो. तरीही कणकवलीच्या उड्डाणपुलाच्या दोन्ही टोकांना सर्व्हिस रोडवरून शिरणारी वाहने आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी पाहता तो घोळक्याच्या सरावाचा रस्ता नव्हे. आचऱ्याकडे जाणारा रस्ता रविवारी पहाटे बरा, पण वळणांचा आणि वस्तीचा, म्हणून तिथे चौघांपेक्षा मोठी रांग नको. फोंडा घाटही गृहीत धरू नये. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला तेव्हा अवजड वाहतूक तिकडे वळली होती. तेव्हा तारीख ठरवण्याआधी पोलीस ठाणे आणि सार्वजनिक बांधकाम विभागाशी बोलावे, आणि डंपर कोणत्या वेळी धावतात ते स्थानिक चालकांना विचारावे.

शरीराविषयी थोडक्यात. पस्तिशीनंतर शर्यतीच्या जोराने हृदय पळवायचे असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी हवी, ती क्लबाने अटच करावी. आठवड्यात दोन जोराचे दिवस पुरतात, बाकी सावकाश आणि झोप. थंड देशांतली वेळापत्रके इथे जशीच्या तशी चालत नाहीत, कारण किनारपट्टीच्या दमटपणात घाम वाळत नाही, अंग आतून तापत राहते. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास पिष्ट-साखर पोटात जायला हवी. दोन केळी आणि साखर घातलेले कोकम सरबत यात ते बसते, आगळातले मीठही मिळते.

आणि आता आयोजकांसाठी. आपले गट वयावर असतात : खुला, चाळिशीवरील, पन्नाशीवरील. परिणामी एकेकाळी राज्याकडून खेळलेला रायडर आणि पहिल्यांदा नंबर लावलेला माणूस एकाच रांगेत उभे राहतात. पहिला दहाव्या मिनिटाला निघून जातो, दुसरा जिद्दीने त्याच्या मागे लागतो, आणि अपघात तिथेच होतो. नवोदितांचा वेगळा गट करा, वय काहीही असो. त्यात प्रवेश घोळक्यात चालवण्याची चाचणी पार केलेल्यालाच द्या. स्त्रियांची सुरुवात वेगळी ठेवा आणि बक्षीस समान ठेवा. आज अनेक ठिकाणी त्यांना पुरुषांच्या शेपटीला जोडले जाते, आणि पुढच्या वर्षी त्या येत नाहीत.

पुढच्या अंकापासून घोळका-सरावाचे आराखडे छापायला सुरुवात करत आहोत. कुडाळ, सावंतवाडी, मालवण, देवगड, वैभववाडी, कुठूनही पाठवा. कोणता रस्ता, किती वाजता, किती जण, रांग कशी फिरवली, कोण पडले आणि कशामुळे, एवढे लिहिले तरी चालेल. अक्षर कसेही असो.