केंद्राध्यक्षाची तालीम

पालघर लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक २८ मे २०१८ रोजी झाली. त्या दिवशी अनेक केंद्रांवर मताची पावती दाखविणारी यंत्रे बंद पडली आणि मतदारांना ऐन उन्हाळ्यात तिष्ठत राहावे लागले. त्याच दिवशी मतदान झालेल्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात तर ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. यंत्रे का बिघडली, याची चर्चा पुष्कळ झाली; प्रखर प्रकाशाचे कारणही पुढे आले. परंतु यंत्र बंद पडल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत केंद्रावरील माणसांनी काय करावयाचे, हा प्रश्न यंत्राच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

ही माणसे म्हणजे बहुतांशी शिक्षक आणि लिपिक. एरवी फळ्यासमोर उभा राहणारा किंवा फायलींत मान घालून बसणारा माणूस त्या दिवसापुरता केंद्राध्यक्ष होतो आणि कायदा त्याच्या हाती असाधारण अधिकार देतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार दंगल, उघड हिंसाचार, नैसर्गिक आपत्ती किंवा अन्य पुरेसे कारण यांमुळे मतदान अशक्य झाल्यास केंद्राध्यक्ष ते तहकूब करू शकतो. मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यास त्याने तत्काळ कळविले पाहिजे. तहकूब झालेले मतदान जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू होते. ५८ व्या कलमाखाली मतदान रद्दबातल ठरविणे ही वेगळी गोष्ट असून तो अधिकार निवडणूक आयोगाचा आहे. ‘अन्य पुरेसे कारण’ या तीन शब्दांचा अर्थ लावण्याची वेळ केंद्राध्यक्षावर येते ती बाहेर गलका चालू असताना, आणि तोही बहुधा आयुष्यात प्रथमच.

पालघर जिल्ह्यात ही शक्यता काल्पनिक नाही. बोईसरला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत स्फोट आणि आगी वारंवार झाल्या आहेत. ८ मार्च २०१८ च्या रात्रीच्या स्फोटात तीन, तर ११ जानेवारी २०२० च्या स्फोटात आठ जणांचा बळी गेला. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि २९ एप्रिल २०१९ रोजी लोकसभेचे मतदान झाले ते त्या भीतीची छाया असतानाच. १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुऊर्जा केंद्रही येथेच आहे. त्याच्या भोवतालच्या १६ किलोमीटरच्या टापूसाठी आपत्कालीन योजना असून जिल्हा प्रशासन तिची रंगीत तालीम वेळोवेळी घेत असते. जो जिल्हा अणुदुर्घटनेची तालीम करतो, त्याने मतदानाच्या दिवशीच्या संकटाची तालीम का करू नये?

निवडणूक प्रशिक्षण होत नाही असे नाही. यंत्रजोडणी, किमान ५० मतांचे अभिरूप मतदान आणि नमुने भरणे हे सारे शिकविले जाते. पावतीचे यंत्र बिघडल्यास तेवढेच बदलावयाचे, परंतु मतदान किंवा नियंत्रण यंत्र बिघडल्यास सगळा संच बदलावयाचा, हेही सांगितले जाते. पण सांगणे आणि सराव करणे यांत अंतर आहे. पोहण्याचे नियम पाठ करून कोणी पोहू लागत नाही.

त्यासाठी खर्चिक व्यवस्था लागत नाही. प्रशिक्षणवर्गात प्रत्यक्ष नेमलेली चार-पाच जणांची पथके एका टेबलाभोवती बसवावीत आणि एक प्रसंग मांडावा. दुपारचे दोन वाजले आहेत. शाळेच्या आवारात साठ मतदार रांगेत आहेत. औद्योगिक वसाहतीच्या बाजूने उग्र वास येऊ लागला आहे. खोली रिकामी करावयाची की दारे-खिडक्या लावून आतच थांबावयाचे? चुकीचा पर्याय जीवघेणा ठरू शकतो. म्हणून अंदाज न करता कोणाला विचारावयाचे, हे आधीच ठरलेले हवे. दूरध्वनी लागला नाही तर? यंत्र कोणाच्या ताब्यात? दैनंदिनीत वेळ कोण नोंदविणार? खुद्द केंद्राध्यक्षच कोसळला तर त्याच्या जागी कोणी उभे राहावयाचे? कायद्याने पूर्वाधिकृत मतदान अधिकाऱ्याची तरतूद केली आहे; तो अधिकारी आपण आहोत, हे त्याला ठाऊक असते काय? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या अखेरच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात उष्म्याने निवडणूक कर्तव्यावरील ३३ जण दगावले, हे लक्षात घेता हा प्रश्न अवास्तव म्हणता येणार नाही. अमेरिकेत २०१८ पासून निवडणूक अधिकाऱ्यांसाठी अशा टेबलाभोवतीच्या सरावांचे आयोजन होत आहे.

शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा आहे, त्यात ही भर कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. म्हणूनच नवा दिवस न मागता, चालू प्रशिक्षणातील कंटाळवाण्या व्याख्यानांचा तासभर या सरावाला द्यावा. संकटाची चर्चा केल्याने कर्मचारी घाबरतील, ही शंका मात्र उफराटी आहे. माणूस घाबरतो तो अनोळखी प्रसंगाला. ज्याला आपण हुकूम देऊन केंद्रावर पाठवितो, त्याच्यावर चुकीचा ठपका ठेवण्यापूर्वी त्याला निर्णयाचा सराव देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. मतपेटीचे पावित्र्य आपण नेहमी गातो. तिच्याशेजारी बसणाऱ्या माणसाच्या जिवाची आणि विवेकाची काळजी घेणे हाही त्या पावित्र्याचाच भाग होय.