आधी बोर्डाचं पूर्ण नाव सांगा

कोटेशन मागायला आलेल्या माणसाला प्रोसेसरचं नाव तोंडपाठ असतं. आय-फाइव्ह की रायझन, कितवी पिढी, रॅम किती, एसएसडी किती जीबीची, सगळं यूट्यूबवर पाहून आलेला असतो. मदरबोर्डाच्या रकान्यात मात्र दुकानदार ‘एच६१० बोर्ड’ एवढंच लिहितो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. नागपुरात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर जुळवून देते, बिघडलेले उघडतेही. माझं स्पष्ट मत आहे की बोर्डाचं पूर्ण मॉडेल न लिहिलेलं कोटेशन परत करावं.

एच६१० हे चिपसेटचं नाव. त्यावर डीडीआर४ रॅमचे बोर्ड निघाले आणि डीडीआर५चेही. दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. घरात जुनी डीडीआर४ पट्टी आहे म्हणून रॅमचे पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला हे खोकं घरी उघडल्यावर कळतं. एकाच चिपसेटच्या दोन बोर्डांत एसएसडीचे स्लॉट, मागचे यूएसबी, मॉनिटरची पोर्टं हे सगळंही वेगळं असू शकतं. बहुतेक बोर्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते. त्यासाठीही बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर असलेला बरा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० अन् त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. तेव्हापासून एक मागणी वारंवार कानावर येते, ‘ताई, सीपीयू छोटा पाहिजे, टेबलावर मावला पाहिजे, अन् पुढे वाढवता बी आला पाहिजे.’ मागणी रास्त आहे. ब्रँडेड छोटे डबे दिसतात देखणे, पण त्यांतल्या अनेकांचा बोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, स्वतःच्या कनेक्टरचा असतो. बोर्ड गेला की बाजारातला दुसरा त्यात बसत नाही, मग उरतं ते फक्त पत्र्याचं खोकं.

छोटं म्हटलं की लोक थेट मिनी-आयटीएक्सवर उडी मारतात. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ साली आणलेलं हे माप, १७० बाय १७० मिलिमीटर. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४. फरक ७४ मिलिमीटरचा, आपल्या चार बोटांएवढा. तेवढ्यासाठी मिनी-आयटीएक्समध्ये कार्डाचा एकच स्लॉट मिळतो, बोर्ड महाग पडतो, आणि कॅबिनेट खरोखर छोटं घेतलं तर एसएफएक्स मापाचा एसएमपीएस लागतो, जो साध्यापेक्षा महाग आणि प्रत्येक दुकानात नसतो. ग्राफिक्स कार्ड लावलं की नंतर साउंड कार्ड किंवा जास्तीचं लॅन कार्ड कुठे लावणार? रोज बॅगेत घालून नेणाऱ्याने खुशाल घ्यावा. घरातल्या टेबलासाठी मायक्रो-एटीएक्स, यावर मी गिऱ्हाइकाशी वाद घालते.

त्यातही डोळे उघडे ठेवावे लागतात. दुसरा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा असतो, आत तारा चारच लेनच्या किंवा एकाच लेनच्या असतात. दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी घातली की काही बोर्डांत साटाची पोर्टं बंद पडतात. स्वस्त बोर्डाची रुंदी २४४पेक्षा बरीच कमी असते, मग उजव्या कडेखाली स्क्रूचा आधार नसतो आणि रॅमची पट्टी दाबताना बोर्ड वाकतो. हे सगळं कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर लिहिलेलं असतं. म्हणून तर पूर्ण नाव हवं.

आता सॉकेट. २०१८मध्ये एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बी४५० बोर्ड आणि रायझन २२००जी घेतलेल्यांना मी पुढे त्याच बोर्डावर ५६००जी बसवून दिला. बायोस अपडेट केलं, बाकी काही बदललं नाही. (जीचा हट्ट धरा. नुसत्या ५६००मध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहतो.) त्याच वर्षी इंटेलची आठवी पिढी घेतलेल्याला त्या बोर्डावर नवव्या पिढीपर्यंतच जाता आलं. नंतर २०२०, २०२१ आणि २०२४मध्ये इंटेलने सॉकेट बदलले. आजचा एएम५ सॉकेट २०२२चा. २०२७पर्यंत आणि त्यापुढेही तो चालवू, असं एएमडीने सांगितलं आहे. प्रोसेसर पुढे बदलायचा असेल तर मी तिकडेच झुकते. खरं सांगायचं तर बहुतेक घरांत प्रोसेसर कधीच बदलला जात नाही, रॅम आणि एसएसडीच वाढते. अशांना इंटेलही चालतो.

रॅमच्या चार स्लॉटांचा मोह मात्र धरू नका. एएम५वर डीडीआर५च्या चार पट्ट्या लावल्या की अधिकृत वेग ३६००वर उतरतो. दोन स्लॉट पुरतात. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून तर मी एकच सोळा जीबीची पट्टी लावा म्हणते. वेग थोडा कमी मिळेल, पण दुसरा स्लॉट मोकळा राहील.

आमच्याकडची आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या यूट्यूबवाल्यांना सुचत नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ ओलांडतो. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, तो सॉकेटच्या बाजूला असतो आणि भर घालतो तापण्यात. स्वस्त बोर्डांवर त्यावर हीटसिंकच नसतो. छोट्या डब्यात हवा आधीच कमी. हीटसिंक असलेल्या बोर्डासाठी जास्तीचे पैसे लागतात ते द्यावेत, हवं तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा. तो उद्या बदलता येतो. आणि खिडकीतल्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नये. हवा गार असते खरी, पण ओली असते.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर उत्तमच. दुकानात पडून असलेल्या जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता आला नाही, तर प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून अपडेट होतं.

दुकानदार म्हणेल, ‘मॅडम, स्टॉकमध्ये जो असेल तो देऊ, सगळे सारखेच.’ तेव्हा त्याला म्हणावं, स्टॉकमध्ये जो आहे त्याचं नाव लिहून द्या, आम्ही संध्याकाळी फोन करतो.