आधी वही, मग घर



सोळा वर्षे आम्ही चिपळुणात भाड्याच्या घरात राहत आहोत. दोघेही शिक्षक. या उन्हाळ्यात ठरवले, इन्शाअल्लाह आता स्वतःचे छोटेसे घर घ्यायचे. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे आमचे पहिल्यापासून ठरलेले. मग पैसे येणार तीनच वाटांनी: साठवलेली बचत, मेहरमध्ये मिळालेले सोने आणि नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने.

आपल्या अनेक घरांत असेच होते. व्याज टाळले जाते, अल्हम्दुलिल्लाह. पण बँक निदान कागद तरी करते. नातेवाइकांत तोही होत नाही. भाऊ पैसे देतो, बहीण बांगड्या मोडून देते आणि कुणी काही लिहीत नाही.

आमच्या नणंदबाईंनी, म्हणजे आपांनी, दोन लाख देऊ केले. आम्ही नवी वही काढली आणि विचारले, "आपा, हे पैसे भेट म्हणून, उसने म्हणून, की घरात हिस्सा म्हणून?"

आपा रागावल्या. "आपल्या माणसांत कसली वही? मी काय परकी आहे?"

आम्ही म्हटले, "आपा, चाचांना आठवा."

त्या गप्प झाल्या.

गावचे घर आमच्या सासऱ्यांनी 1993 मध्ये बांधले. धाकटे भाऊ, म्हणजे चाचा, तेव्हा दम्मामला होते. त्यांनी पैसे पाठवले. किती, आणि कशासाठी, हे दोघांनाच ठाऊक. अब्बांचा इंतकाल झाला. चाचा परत आल्यावर त्यांनी एकदा विषय काढला, तेव्हा घरातल्या कुणाला काहीच माहीत नव्हते. "कागद आहे का?" असे कुणीतरी बोलून गेले. चाचा उठून गेले. त्यानंतर आमच्या घरच्या दोन निकाहांना ते आले नाहीत.

आपा बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझे उसने लिही. पण पहिल्या पानावर चाचांचे लिही."

कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, नमाज-रोज्याबद्दल नाही. ती उधारीबद्दल आहे. मुदतीचे देणेघेणे लहान असो वा मोठे, ते लिहा, साक्षीदार ठेवा, अशी तिची शिकवण आहे. त्यात अविश्वास नाही, नात्याचे रक्षण आहे. माणूस गेल्यावर कफन-दफनानंतर आधी त्याचे कर्ज फेडायचे, मग वसीयत, मग वारसांचे हिस्से. जे कर्ज कुणाला माहीतच नाही, ते फेडणार कोण?

भगिनींनो, घर पाहायला निघण्याआधी एक संध्याकाळ घरातच बसा. ज्याचे पैसे येणार त्या प्रत्येकाचे नाव, रक्कम, तारीख, आणि भेट, उसने की हिस्सा, हे लिहा. उसने असेल तर परतफेडीची मुदत आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. रक्कम बँकेतूनच घ्या. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त उसने रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे.

घर कोणाच्या नावावर, हेही त्याच संध्याकाळी ठरवा. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. पण सवलतीपुरते तिचे नाव आणि मालकी मात्र दुसऱ्याची, असे मनात ठेवू नका. नावावर केले तर घर तिचे. मेहरचे सोने घातले असेल, तर तेही वहीत आले पाहिजे. ते तिचे आहे. मागितल्याशिवाय आणि तिच्या खुशीशिवाय त्याला हात लावू नये.

बाहेरचे कागद त्यानंतर. नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. अशा प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मागा. वकिलाकडून मागच्या 30 वर्षांचा शोध अहवाल काढून घ्या. आणि आमच्या चिपळुणात आणखी एक प्रश्न: 22 जुलै 2021 ला इथे पाणी कुठपर्यंत आले होते? तो एजंटला नाही, तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारा. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

मागच्या महिन्यात आम्ही आणि आपा चाचांकडे गेलो. वही पुढे ठेवली. चाचांनी कपाटातून बिस्किटाचा जुना डबा काढला. आत बँक ड्राफ्टच्या तीन पावत्या होत्या. एकूण 85,000 रुपये. इतकी वर्षे कागद त्यांच्याजवळच होता.

"तेव्हा दाखवला का नाहीत?" आपांनी विचारले.

"भावाच्या मुलांना पावती दाखवायची?" ते म्हणाले.

ती रक्कम आम्ही आणि आपा मिळून चार हप्त्यांत देत आहोत. पहिला हप्ता चाचांनी घेतला आणि वहीत स्वतः सही केली. आमच्या घराचा बेत त्यामुळे पुढच्या वर्षावर गेला आहे. तोवर भाडे भरू.