बुरशी खाद्याला, बोल बाईला



गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीच्या पोल्ट्री शेडवर गेले होते. कोंबड्या मरत होत्या. कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, "बाई स्वच्छता ठेवत नाहीत." आदल्याच दिवशी उतरलेलं, शिवणही न उसवलेलं पोतं आम्ही फोडलं. आत कुबट वास, हिरवट बुरशी. तपासणी न करताच दोष मात्र तिच्या माथी!

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. भुईमुगाच्या पेंडीवरच्या बुरशीचं विष त्यातून उजेडात आलं, ते अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाला घालतं. शिजवूनही पुरतं जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली.

हे ओल्या धान्याचं, गलथान साठवणुकीचं पाप आहे. करार नवऱ्याच्या नावे, राबणारी ती, बोलही तिलाच. म्हणून पोतं उतरतानाच उघडून पाहा, लॉट नंबर लिहून ठेवा, नमुना राखा. बुरशी दिसली नाही तरी विष असू शकतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या तपासणीचा आग्रह धरा. आणि करारावर आपलंही नाव मागा.