टोपीवरचा सिंह आणि हिंगोलीचा रिसाला

पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री एनसीसीतल्या पोराचं घर वासावरून ओळखता येतं. ब्रासोचा तो उग्र वास! जुन्या बनियनच्या चिंधीने टोपीचा बॅज घासला जातो, लाल तुरा फुंकर मारून फुलवला जातो. बॅज लखलखतो. त्यावरच्या खुणांचा अर्थ मात्र घासणाऱ्याला परीक्षेपुरताच ठाऊक असतो.

परीक्षा म्हणजे 'ए' सर्टिफिकेटची. एनसीसीच्या ध्वजाचे तीन उभे पट्टे: लाल लष्कराचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. मधोमध सोनेरी अक्षरं आणि त्यांभोवती 17 कमळं, म्हणजे 17 संचालनालयं. पोरं हे धडाधड म्हणून दाखवतात. राज्यं 28 आणि कमळं 17 कशी, असं विचारलं की गडबडतात. उत्तर सोपं आहे. काही राज्यांत मिळून एकच संचालनालय आहे. गोव्याचा कॅडेट कर्नाटकाच्या कमळात बसतो. महाराष्ट्राचं कमळ स्वतंत्र.

बाहीवरच्या फितींना असं पाठांतर लागत नाही. एक फीत लान्स कॉर्पोरल, दोन कॉर्पोरल, तीन सार्जंट. तिसरी फीत चढली की नववीतलं पोरगं मॉनिटरलाही जुमानत नाही.

हिंगोलीत या खुणांना आणखी एक पदर आहे, आणि तो कोणत्याही सर्टिफिकेटच्या अभ्यासक्रमात नाही. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार: या गावाची जुनी नावंच छावणीची. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंटचा इथे तळ होता. त्या फौजेचं एक मूळ म्हणजे हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट हेन्री रसेल याच्या नावाची रसेल ब्रिगेड. 1903 मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली, 1922 मध्ये तिच्या पायदळी पलटणींची 19वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 मध्ये तिचं नाव पडलं कुमाऊँ रेजिमेंट.

कुमाऊँच्या जवानाच्या टोपीवर आजही कंबरेपर्यंतचा सिंह आहे, पंजात क्रॉस धरलेला. हा सिंह रसेल घराण्याच्या कुलचिन्हातला.

परक्या साहेबाची घरगुती खूण इतकी वर्षं मिरवायची? कुणाला खटकेल, खटकावंही. पण शिपायांच्या लेखी सिंहाचा मालक कधीच बदलला होता. 3 नोव्हेंबर 1947 रोजी काश्मीरमध्ये बडगामला लढताना मेजर सोमनाथ शर्मा धारातीर्थी पडले, ते 4 कुमाऊँचे. ते सैन्यात दाखल झाले तेव्हा रेजिमेंट 'हैदराबाद'च होती. पहिलं परमवीर चक्र त्यांना मिळालं. त्या पदकावर इंद्राचं वज्र चारदा कोरलेलं आहे आणि ते रेखाटणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपातल्या, लग्नाने मराठी घरातल्या. खुणा अशाच हात बदलत जातात.

हिंगोलीतल्या एनसीसी शिक्षकांना एक विनंती. एखाद्या रविवारी परेड आटोपली की कॅडेटना रांगेत रिसाला बाजारातून फिरवून आणा आणि टोपीवरच्या सिंहाची ही गोष्ट चालता चालता सांगा. तेवढ्यासाठी ब्रासो लागत नाही.